गल्ली चार, पाणी फक्त

सोन्याचा पाळणा म्हणतात आमच्या जालन्याला.
पाळण्यात पाणी आठव्या दिवशी येतं,
कधी अकराव्या.
आणि येतं म्हणजे आधी फोनमध्ये येतं,
मग नळात.

ग्रुपच्या नावात 'फक्त' मीच जोडलं,
सुप्रभातची कमळं आणि कुणाकुणाच्या
मावसभावांचे वाढदिवस अंगावर यायला लागले तेव्हा.
त्याउपर डाखोरे सरांनी कमळ टाकलंच.
खाली लिहिलं, यालाही पाणी लागतं.

व्हॉल्व्हवाले मुनीरचाचा लिहीत नसत.
बोलत.
"हां तर गल्ली चार, अर्ध्या घंट्यात सोडायलो.
मोटारी लावू नका रे बाबाहो,
कोपऱ्यावरल्या सरवदेबाईला बी एक घागर पोचू द्या."
सत्तावीस सेकंद.
आम्ही अंगठे दाखवायचो
आणि मोटारी लावायचो.

माझी मुलगी आठ भागांची मालिका
एका रात्रीत संपवते, दीडपट वेगानं.
कोरियातली माणसं रडतात तीही घाईघाईत.
सकाळी दूधवाल्या खंडूला ती कोरियनमध्ये नमस्कार करते,
तो म्हणतो, ताई, अर्धा का एक?
मी हसते तिला, पण माझं काय वेगळं आहे.
बहिणीची गाऱ्हाणी, साहेबांच्या सूचना,
वांग्याच्या भरताची कृती, कीर्तन,
सगळं दुप्पट.
वाचलेल्या वेळाचं काय केलं विचारू नका.
आमच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे ते,
भरल्याचा आवाज येतो, गळतं कुठं ते सापडत नाही.

चाचांनाही दुप्पटच ऐकायची.
त्यांच्या मागे काहीतरी चिवचिवायचं.
वाटायचं, राघू असेल.
अर्ध्या गावाच्या पाण्याचा मालक माणूस,
पाळला असेल हौसेनं.
वर्षभर मी त्या राघूला मनातल्या मनात
हिरवी मिरची चारली.

मग फोन बदलला.
नव्या फोनमध्ये वेगाचं बटण मला सापडेना,
मुलगी झोपलेली,
आणि चाचा सावकाश बोलायला लागले,
एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे.
मागचा राघू
खोकायला लागला.
बाईचा खोकला. ओला, लांब.
"हां तर"च्या आधीपासून सुरू,
"पोचू द्या" झाल्यावरही चालूच.

मी अंगठा टाकला.
काय लिहिणार होते?
'फक्त' तर मीच जोडलेलं.

दिवाळीनंतरच्या खेपेला चाचांचा आवाज एकटाच आला.
मागे काहीही नाही.
इतका स्वच्छ आवाज त्या ग्रुपवर कधी आला नव्हता.
तीनदा ऐकला.
त्या दिवशी मोटार लावली नाही,
पुढच्या खेपेला लावली.

आता ॲप आहे.
'प्रिय नागरिक, आपल्या झोनमध्ये पाणीपुरवठा
सहा चाळीसला अपेक्षित आहे.'
अपेक्षित आम्हालाही आहे.
मी कान लावून बघते कधीकधी, वेड्यासारखी.
अक्षरांच्या मागे कुणीच राहत नाही.

परवा गांधी चमनला चाचा दिसले,
मोसंबीच्या गाड्यापाशी, एकेक फळ दाबून बघत.
म्हटलं, ओळखलं का चाचा, गल्ली चार.
"चेहरा कसा वळखू बाई?
अंगठा कोणता तुमचा?"
पिवळा, म्हटलं.
"पिवळे तर समदेच."
मग मोसंबीकडंच बघत, "मोटार लावायच्या ना?"
हो म्हणाले.
"आवाज यायचा मला पायपात."

मी विचारलं, चाचींचं नाव काय होतं.
त्यांनी हातातली मोसंबी परत ठेवली,
दुसरी घेतली, तीही ठेवली.
"बिल्किस," म्हणाले, सावकाश,
आणि मग आणखी काही, तितक्याच सावकाश,
आणि मी कुठलंच बटण शोधलं नाही.
गाडेवाला मधून मधून म्हणत होता,
बाई, पिशवी धरा.