केरीहून चोर्ला

केरीच्या तिठ्यावर सांतान स्टूल टाकून बसतो,
गुडघ्यात आता स्टीलची वाटी.
माझ्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघतो,
म्हणतो, जा.

अंजुणेचं पाणी अजून अंधारात.
पहिल्या चढाला मी स्वतःशी बोलत असतो,
तिसऱ्या वळणानंतर फक्त साखळी बोलते.
बेळगावची भाजी घेऊन उतरणारे टेम्पो
ब्रेकचा जळका वास मागे ठेवून जातात.
एकानं काच खाली करून विचारलं,
कितें रे, पेट्रोल सोंपलें?

सांतान तरुणपणी बोटीवर होता.
सांतांदेरला बोट तीन दिवस अडकली, तेव्हा
भाड्याची सायकल घेऊन डोंगरात शिरला.
खिंडीत धुकं, खाली नदी,
गाईंच्या गळ्यात घंटा, आणि एक म्हातारी
जिनं काही न विचारता सफरचंद दिलं.
इतकंच सांगतो. दर वेळी.
नदीचं नाव मात्र दर वेळी वेगळं.

वर पोचलो. चहाची टपरी बंद.
पाटीपलीकडे दुसरं राज्य,
कुत्रं दोन्हींत पाय पसरून झोपलेलं.
पाठीच्या खिशात हात घातला तर काहीतरी मऊ.
सफरचंद नव्हे, केळं,
दबून काळं पडलेलं.
यानं कधी टाकलं?

उतारावर डोळ्यांना धार, वाऱ्यानं.
हातांना मुंग्या.
झाडांमधून काहीतरी चमकलं, गेलं.

तिठ्यावर तो उभाच होता.
किती लागला?
मी पाच मिनिटं कमी करून सांगितली.
स्टूल उचलत म्हणाला,
मग वाळवंटी बघितलीच नाहीस तू.