एकोणीस

चार यंत्रं, तेवीस विद्यार्थी, एक एसी
आणि चाव्यांचा जुडगा माझ्याकडे.
यंत्रांची नावं मीच ठेवली, रुजू झाले त्या वर्षी:
मही, ढाढर, जांबुवा, विश्वामित्री.
विभागप्रमुख म्हणाले, नुसते आकडे चालले असते, दिघेबाई.
आकड्यांना कोणी हाक मारत नाही, सर.

दारावर माझ्या अक्षरातला कागद:
रात्री काम लावलंत तर वहीत नाव लिहा.
पडद्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवून
दोन दोन दिवस जागा धरू नका,
ही काय लग्नाची पंगत आहे?
डिस्क भरली की न विचारता पुसून टाकीन.
(विचारते. दरवेळी विचारते.)

हेत्वी म्हणते, कणादचं काम फार मेमरी खातं.
कणाद म्हणतो, आधी हेत्वीबेनच्या चित्रफिती बघा.
रुख्साना काहीच म्हणत नाही; पहाटे येऊन
सगळ्यांच्या आधी काम लावून जाते.

विश्वामित्री मात्र मे महिन्यापासून मंद.
खुर्ची रिकामी, पडदा काळा,
तरी पंखा असा घोंघावतोय
की आत कोणीतरी धावतंय.
जुलैत एकदा यादी उघडली. अगदी तळाशी,
मगर पडून असावी तसं एक काम:
एकाहत्तर दिवस. मालक, जैमिन पटणी.

जैमिन सुट्टीनंतर परत आलाच नव्हता.
वडिलांना झटका, डभोईला टाइल्सचं दुकान,
भाऊ कॅनडात.
जाताना ओळखपत्र दिलं, कपाटाची किल्ली दिली.
हे सांगायचं राहिलं.

नियम माझाच: बेवारस काम दिसलं की बंद.
एक ओळ टाइप केली,
बोट एंटरवर.
मग ती ओळ खोडली, दुसरी लिहिली.
प्राधान्य: एकोणीस.
आमच्यात आकडा जितका मोठा
तितका माणूस मागे.
एकोणीस म्हणजे सगळ्यांचं जेवून झाल्यावर
उरलं तर.

उरायचं काय? ऑगस्टभर प्रबंधांची घाई,
त्याचा काटा हलायचा, थांबायचा.

मग नवरात्र. सातच्या आत लॅब ओस.
हेत्वी चणियाचोळीतच येऊन पेन ड्राइव्ह घेऊन पळाली,
कणाद रात्रीचं काम लावायचं विसरला,
पहाट झाली तरी रुख्सानासुद्धा नाही.
नऊ रात्री अख्खं बडोदं मैदानात गोल फिरत होतं
आणि कुलपाआड
एकटा जैमिन, पूर्ण वेगानं.

दसऱ्यानंतर दार उघडलं. पंखा गप्प.
एक फाइल, जेमतेम अठरा केबी.
मला त्यातलं कळत नाही; पुराची पातळी असावी,
दशांशानंतर तीन घरांपर्यंत.
पाठवून दिली.

चार दिवसांनी उत्तर आलं, एकच शब्द: सारुं.
त्याखाली दुकानाची आपोआप येणारी सही,
व्हिट्रिफाइड, सिरॅमिक, पार्किंग टाइल्स. घरपोच मिळेल.

त्याचं नाव यादीतून अजून काढलं नाही.
जागा लागली की काढीन.
विचारून.