एकसष्ट-बासष्ट

तलावाच्या पाळीवर काल त्यांनी ड्रोन उडवला.
बगळे उठले,
आणि मला पहिल्यांदा भीती वाटली
की दसरी आता खरंच दिसणार.

एकशे अठरा पानं, नुसती काळी शाई.
नाकाडे मास्तरांनी अकरा वर्षं काढली,
भंडाऱ्याच्या एका प्रेसनं तीनशे प्रती छापल्या.
त्यातली एक आमच्या तक्षशिला वाचनालयात,
दाखल क्रमांक ८०७,
पाठीला दोनदा भाताची खळ लावलेली.

मी सातवीत होतो. दुपारी सपरीत
आई, फुलवंतामावशी, मैनाबाई खोब्रागडे विड्या वळायच्या
आणि मी चित्रं वाचून दाखवायचो.
'दसरी उभी आहे. मागं तलाव. पाणी काळं.'
'आन् तोंड कसं हाय तिचं?' मैनाबाई विचारायची.
'तोंड नाही काढलं. पाठमोरी आहे.'
'मंग माह्यावानीच असंन,'
असं म्हणून ती पानाला दोरा गुंडाळायची.

अख्ख्या पुस्तकात दसरी वळून पाहत नाही.
मालगुजाराचे फुगे शब्दांनी फुगलेले,
तिचे रिकामे.
त्यांत कुणी कुणी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, कुणी खोडलंय.
पान चौतीसला बारीक अक्षरात आहे, 'पाय दुखते'.
ते अक्षर कुणाचं ते मला माहीत आहे, सांगणार नाही.

आता तिला चेहरा मिळणार.
पुण्याची मुलगी आहे. चांगली आहे.
दोन दिवस चिखलात उतरून रोवणं शिकली,
बोटं सडली तरी हसत होती.
तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.
फक्त मैनाबाईचं तोंड आता कुठं ठेवायचं?

आणि दोन चौकटींच्या मधे बोटभर पांढरी जागा असते.
चौकटीत दसरी घरातून निघते,
पुढच्या चौकटीत ती पाळीवर.
मधला रस्ता आम्ही चाललोय,
प्रत्येकानं आपापल्या चपला घालून.
सिनेमात म्हणे सेकंदाला चोवीस चित्रं.
मधे बोट घालायला सवड कुठे?

खरी गोष्ट तर पुढंच आहे.
पान साठ : रात्र, दसरीचा हात तुडुमाच्या खुंटीवर.
पान त्रेसष्ट : सकाळ, खालच्या बांध्यांत पाणी, पाळीवर कोणी नाही.
मधलं पान आमच्या प्रतीत फाटलेलं आहे,
मी वाचायला लागलो त्याच्याही आधीपासून.
पंढरी डोंगरवार म्हणतो, ती पहाटेच्या गाडीनं गेली.
फुलवंतामावशी म्हणते, बुडाली.
मैनाबाई म्हणायची, 'जाते कुठं? घरी जाऊन झोपली असंन, थकली होती.'
बाकीच्या प्रती कुठं गेल्या कोण जाणे.
मास्तर गेले, मूळ कागद वाळवीनं खाल्ले.
मुलानं हक्क विकून घरावर पत्रे टाकले, बरं केलं.

आज सिनेमावाल्यांचा एक पोरगा आला, नखांत माती, नम्र.
'सर, प्रत मिळेल का? आमच्याकडे मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, अंधुक.'
मी म्हणालो, उद्या या.
कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली
आणि खुर्चीत बसून राहिलो.

मग पान बारा उघडलं.
तुडुमावर मालगुजाराचा चौकीदार बसलाय,
मांडीत काठी, पाठ वाकलेली,
कमरेला काहीतरी लटकतंय.
इतकी वर्षं ती मला तंबाखूची पिशवी वाटायची.

सकाळी पोरगा आला. पुस्तक दिलं.
'एकसष्ट-बासष्टचं काय, सर?'
'तिथं काही दाखवू नका.'
'डायरेक्टर सरांना सांगतो,' तो म्हणाला.
सांगणार नाही, दिसतच होतं.
'मग निदान फुलवंतामावशीला विचारा. पंढरीला विचारा.
आणि तिसरं माझ्याकडून लिहून घ्या.'

त्यानं लिहून घेतलं. वहीत, उभ्या उभ्या.
मी रजिस्टर पुढं केलं, सही घेतली.
मुदत पंधरा दिवस.
उशीर झाल्यास रोज एक रुपया.