मोकळी जागा

विद्यापीठाकडून पुस्तिका आलीय, अठ्ठावन्न पानांची,
सगळी इंग्रजीत. चिन्ह कसं लावायचं, कसं नाही.
ताणायचं नाही. तिरकं करायचं नाही. सावली द्यायची नाही.
आणि चिन्हाभोवती, चारी बाजूंनी,
चिन्हाच्या निम्म्या उंचीइतकी जागा मोकळी सोडायची.

शिकलगार मालक चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडं बघतात.
"एवढं कोरं? अगं, पैसे स्क्वेअर फुटाचे मोजलेत त्यांनी."
गणपती पेठेतल्या आमच्या दुकानातनं
कोरं असं काही आजवर बाहेर पडलेलं नाही.
वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर बेचाळीस चेहरे बसवलेत मी,
आणि त्रेचाळिसावा आल्यावर
बेचाळिसाव्याचा खांदा कापून त्यालाही.

पिवळा रंग पान नऊवर, आकड्यांत दिलाय.
पहिला प्रिंट हिरवट आला. दुसरा मातकट.
मार्केट यार्डातनं हळदीच्या पावत्या न्यायला आलेला धुळाप्पा
हात पँटला पुसून जवळ गेला, म्हणाला,
"ह्यो पॉलिश न केलेला. ह्यात अजून रान हाय."
तिसरा त्यानंच पास केला.
विद्यापीठाला हे कळवलेलं नाही.

मग मराठी.
ओळींमधलं अंतर दिलंय ते इंग्रजीच्या मापाचं.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
वर मात्रा नि रफार, खाली पाय लोंबतायत.
'प्रवेश सुरू'चा दीर्घ उकार
खालच्या 'शैक्षणिक'च्या मात्रांत गुंतला, तारेत मांजा गुंतावा तसा.
मेल केला. नेर्लेकर मॅडमचं उत्तर आलं, गाइडलाइन पाळा.
मी दीड पॉइंट वाढवला.
पट्टी घेऊन कोण येतंय.

मथळ्यावर मात्र दुपार गेली.
त्यांच्याकडं एकच 'यू', लहानथोर सगळ्यांना पुरणारा.
मालक म्हणाले, 'आपण' टाक, फी बाप भरणाराय.
मॅडम म्हणाल्या, पान चौदा बघा, सूर मैत्रीचा. 'तू'.
मला काय, सगळेच अगंतुगं करतात,
मालक, मशीनवाला, चहाचा पोऱ्यासुद्धा.
विद्यापीठानं केलं नव्हतं कधी.
टाइप केलं : तुझी जागा इथे आहे.
आणि चहा गार होईस्तोवर
कर्सर पूर्णविरामापाशी लुकलुकत राहिला.

बारावीला मला पासष्ट टक्के होते.
जागा तेव्हा कॉलेजच्या यादीतल्या संपल्या होत्या
की आमच्या घरातल्या, आता नीट आठवत नाही.

शनिवारी विश्रामबागच्या बसथांब्यावर बघून आले.
पिवळा उन्हात टिकलाय. उकार मोकळा लोंबतोय.
आणि चिन्हाशेजारी, निम्म्या उंचीच्या त्या राखीव कोऱ्यात
कुणीतरी झेरॉक्स चिकटवलाय :
मुलींसाठी खोली भाड्याने. नळाला रोज पाणी.
तिरका. कोपरा सुटून त्याची सावली चिन्हावर.
खाली नंबराच्या चिंध्या कापलेल्या,
त्यातल्या दोन कुणीतरी नेलेल्या.

मॅडमना फोटो पाठवायचा होता झालेल्या कामाचा.
कागद काढायला हात वर नेला,
नखानं सुटलेला कोपरा दाबला,
अंगठा फिरवून नीट बसवला.
सावली तेवढी गेली.