मूग किती वेळ भिजवायचे

अकरा वर्षं, सोहार बंदराची बस यायच्या आधी
पहाटे पावणेपाचला
बशीरच्या कॅफेटेरियात मी उभ्यानं खात आलो:
पराठा, आत चीज, त्यावर चुरलेले चिप्स,
आणि कागदी कपात करक,
डब्यातल्या दुधाचा गोडवा तळाशी साचलेला,
तो बोटानं पुसून चाटायचा
आणि मग हेल्मेट.

डॉक्टर नशवा इजिप्तच्या.
रिपोर्टावर एका आकड्याभोवती त्यांनी गोल काढला,
नऊ पूर्णांक चार,
आणि आमच्यासारख्यांकडूनच शिकलेल्या हिंदीत विचारलं,
"सुबह क्या खाता?"
मी सांगू लागलो.
चिप्सपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

साखर आली.
गावी असंच म्हणतात, पाहुणी आल्यासारखं.
किती दिवस राहणार, कुणी विचारत नाही.

खोलीत आम्ही चौघं. शेगडी एक, तवा एक,
आणि तवा कुंजुमोनचा.
बोट टोचायचं यंत्र आणलं, वही होतीच,
क्रेनचं तेल-ग्रीस लिहितो ती,
मागच्या पानापासून सुरुवात केली.
पोह्यांनंतर दोनशे अठ्ठावीस.
पोहे! मला वाटलं होतं, पोहे तरी आपले.
ओट्स एकशे सत्तर, चव भिजलेल्या पुठ्ठ्याची.
दोन अंडी आणि अर्धा खुबूस, हे बरं निघालं,
पण उरलेला अर्धा
दिवसभर डोक्यात राहतो.

सुगंधाला सांगितलं नव्हतं.
शुक्रवारी फोनवर सहजच विचारल्यासारखं विचारलं,
"धिरड्याला मूग किती वेळ भिजवायचे गं?"
तिकडून नुसता पंख्याचा आवाज.
अकरा वर्षांत मी विचारलं होतं
पैसे पोचले का, पत्रे घातले का, मंदारची फी किती.
"किती निघाली?" ती म्हणाली.
"तुला कुणी सांगितलं?"
"मुगांनी."

मग रागावली नाही, हेच जड गेलं.
"रात्रभर भिजवा. आलं, मिरची, जिरं.
तांदूळ घालू नका, चिमूटभरही नको.
तवा नीट तापू द्या.
पहिलं मोडेल. ते तुम्हीच खा."

पहिली तीन मोडली.
कुंजुमोननं पांघरुणातून बघितलं, उठला,
तव्यावर अर्धा कांदा घासून दिला,
आणि परत झोपताना म्हणाला,
साडेतीन ते चार, तवा तुझा.

बंदरावर सईद कहवा ओततो.
फिंजान रिकामा झाला की पुन्हा भरतो,
जोवर तुम्ही तो मनगटात हलवत नाही.
हलवला की पुरे. कुणाला राग नाही, कुणाचा अपमान नाही.
आमच्याकडे पुरे म्हटलं की आणखी एक वाढतात,
पानावर हात आडवा धरला
तर बोटांच्या फटीतून.
इतकी वर्षं मी तो फिंजान हलवायचा म्हणून हलवला,
आता हलवताना मनगट जरा थांबतं.
खजूर एक घेतो.
बी खिशात ठेवतो,
म्हणजे दुपारी स्वतःशी खोटं बोलता येत नाही.

बशीरनं परवा बिनसाखरेचा करक दिला
आणि पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, याला चहा म्हणून पैसे कसे मागू?

आज डब्यात दोन धिरडी, एक अखंड.
सूर्य अजून समुद्रात, बसच्या काचा घामेजलेल्या,
मागच्या बाकावर कुणीतरी पराठा उघडला,
त्याचा वास सगळ्या बसभर.
मी झाकण काढलं.

साडेसातला क्रेनच्या सावलीत बोट टोचलं:
एकशे एकेचाळीस.
फोटो काढून सुगंधाला पाठवला,
धिरड्याचा नाही, आकड्याचा.
बराच वेळ दोन निळ्या खुणा.
मग उत्तर आलं,
"आलं घातलंत का?"