गुडघ्याला गुडघा

रविवारी पेज भरवताना चमच्यावर टक् झालं.
मी चमचा पुन्हा फिरवला. पुन्हा टक्.
खालच्या हिरडीत, डावीकडं,
फुटक्या तांदळाची कणी.

सासूबाईंना पाटणला फोन लावला.
त्यांनी आधी विचारलं, वरचा का खालचा?
खालचा म्हटल्यावर हुश्श केलं,
मामाच्या मागचं टळलं.
मग म्हणाल्या, दवाखाना कशाला गं आत्ताच,
दुधाचे दात, पडायचेच की.

पडायचेच की.
हेच वाक्य मी यशराजच्या वेळी
तीन वर्षं जपून ठेवलं होतं,
डब्यातल्या डोरल्यासारखं.
हे तुर्भ्याच्या मार्केटात रात्रपाळीला, पाठीवर कांद्याच्या गोणी.
घणसोलीच्या एका खोलीत मी आणि रडणारं पोर,
भिंतीपलीकडं पहाटे ड्युटीला उठणारी माणसं.
साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली
की सगळी चाळ झोपायची.
बाटली रात्रभर तिथंच.

वरच्या पुढच्या चार दातांवर आधी खडूसारखी रेघ आली.
मी म्हटलं, दूध सुकलं असेल.
मग रेघ चहाच्या रंगाची झाली,
मग दात कडेकडेनं विरले, भिजल्या बिस्किटासारखे,
आणि एका रात्री गाल एवढा सुजला
की डोळा दिसेना.
वाशीच्या हॉस्पिटलात भूल देऊन चारही काढले.
नर्सनं कागदाच्या पुडीत दिले माझ्या हातात.
पडले नाहीत ते.
बालवाडीच्या ग्रुप फोटोत सगळी पोरं हसतायत,
हा ओठ मिटून उभा,
एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा.

म्हणून शर्वीचा पहिला वाढदिवस यायच्या आत,
केक ठरवायच्याही आधी,
मी कोपरखैरणेला गेले,
झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढून
डॉक्टर मढवींकडं.
यशराज सोबत, शाळेला दांडी मारून.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट हा का?
मी म्हटलं, ही.
दहा महिने. दात दोन.
ती हसली नाही. नाव लिहून घेतलं.

मला वाटलं ती मोठी खुर्ची, तो दिवा.
तसलं काही नाही.
बाईंनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या,
त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले
आणि चार मांड्यांची झाली खाट.
शर्वी आडवी, पाय माझ्या कमरेशी,
डोकं त्यांच्या मांडीवर.
रडली.
रडताना तोंड उघडतंच, बाई म्हणाल्या, आपलं काम सोपं.
बोट फिरवलं, इवलासा आरसा फिरवला,
मी मनात वीसही मोजले नसतील.

मग सांगितलं ते सगळं घरातलंच निघालं.
दात नव्हते तेव्हाही ओल्या फडक्यानं हिरड्या पुसायच्या होत्या.
ते माझं राहिलं. बाई म्हणाल्या, राहू दे.
आता मऊ ब्रश, दिवसातनं दोनदा,
फ्लोराइडची पेस्ट, पण तांदळाच्या दाण्याएवढी,
जाहिरातीतल्यासारखी नागमोडी नाही.
बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.
सहा महिन्यांनी परत.

आणि तुमचे?
माझे काय?
तिच्या चमच्यानं पेज चाखून बघता ना, गरम आहे का म्हणून?
तुमच्या दाढेतली कीड चमच्यावरनं जाते तिकडं.

एकोणतीस वर्षांत माझ्या तोंडात
कुणी उजेड धरला नव्हता.
मी डाव्या बाजूनं चावतच नाही
हे यांनाही ठाऊक नाही.
मी आ केला.
शर्वी यशराजच्या मांडीवर, गप्प,
माझ्याकडं बघत.

रात्री यशराजनं डब्यातनं तांदळाचा एक दाणा काढला,
मोरीच्या कट्ट्यावर ठेवला,
शेजारी ब्रश धरून पेस्ट दाबली.
जास्त झाली. बोटानं पुसली. पुन्हा दाबली.
पुन्हा दाण्याशी ताडून बघितली.
मी म्हटलं, अरे दोनच तर दात.
तो म्हणाला, दोनच आहेत म्हणून.

मग माझं बोट धरून स्वतःच्या तोंडात नेलं.
खालचा एक हलत होता,
उंबऱ्यावरच्या सैल फरशीसारखा.
हा आपोआप पडणारे, आई, म्हणाला.
हात लावायचा नाही कुणी.