हात वर

शाळेच्या जिममध्ये बसलो होतो आम्ही
पहिलीतल्या पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी.
पोर्तो आलेग्रेच्या पालिकेतून आलेला तार्सीझियो
भिंतीला नकाशा चिकटवत होता.
एक कोपरा सारखा सुटत होता.

नकाशात ओढा निळा होता, सरळ,
रांगेत उभ्या केलेल्या पोरासारखा.
इव्हानिल्दे उठली.
"हा इथून जात नाही," म्हणाली,
"हा माझ्या स्वयंपाकघरातून जातो."
आणि त्याच्याच खिशातलं पेन काढून
तिनं ओढा वळवला
चर्चमागून, नेल्सिन्योच्या खुराड्यावरून
थेट आपल्या चुलीपर्यंत.
तार्सीझियो काही बोलला नाही,
सुटणारा कोपरा तेवढा धरून राहिला.

पैसे एकाच कामापुरते.
गटार, नाहीतर पायऱ्या.

मी शिवणकाम करते, मला मापातच बोलता येतं.
सांगितलं: एकशे बारा पावलांचा चढ, सगळा चिखल,
खांद्यावर गॅसचा सिलिंडर,
आणि वर माझी आई,
जिला नाताळपासून खाली आणलेलं नाही.
मातेचा तुंबा फिरत होता तेव्हा
गटारवाल्यांकडून पायऱ्यावाल्यांकडे,
एकाच नळीनं सगळे पीत होतो.

मग मतदान.
पायऱ्या एकेचाळीस, गटार अडतीस.
इव्हानिल्देनं स्वतः मोजले, दोनदा.
दुसऱ्यांदा माझ्यापाशी
जरा थांबली.

त्या रात्री मी हात वर केला होता.
जूनमध्ये, तिच्या दाराशी वाळूची पोती रचताना,
कमरेपर्यंत गार पाण्यात,
वाटलं, हात वर केले होते.
तिनं तसं म्हटलं नाही.
"ते पोतं इकडे दे," एवढंच म्हणाली.

ऑगस्टमध्ये सिमेंट पडलं.
ओलं होतं तोवर ती आली,
तिसऱ्या पायरीवर बोटानं आडवी रेघ ओढली,
खाली तारीख घातली.
पाणी इथवर.
मुकादम थापी घेऊन पुसायला निघाला.
मी म्हटलं, राहू दे. माप आहे ते.

आई उतरते आता, तिरकी तिरकी, कठडा धरून.
रेघेपाशी आली की दम खाते,
आणि इव्हानिल्दे दारातून तिला
खुर्ची आणून देते.

पुढची बैठक एप्रिलात.
यादीत गटार आहे, सगळ्यात वर.
खाली पाळणाघर आहे.
माझ्या मुलीला सातवा लागलाय.